येडशीला दिसलेली लाल बत्ती

मी एक जुनी बत्ती आहे. देव्हाऱ्यातली नव्हे, माजघरातलीही नव्हे. रेल्वेच्या गार्डाच्या हातातली, तीन रंगांची. अंग पत्र्याचं, पोटावर जाड भिंग, डोक्यावर फिरवायची मूठ. मित्रांनो, माझं वय विचारू नका. आणि कृपा करून मला उचलून कानाशी हलवूही नका. आत काय वाजतंय ते उघडून बघायची जी हौस असते ना, तिच्यापायीच आज मला तोंड उघडावं लागतंय.

माझ्या पोटात एक फिरती डबी आहे. तिच्या एका बाजूला लाल काच, दुसऱ्या बाजूला हिरवी, मधे मोकळी जागा. मूठ उजवीकडे वळवली की भिंगापुढे हिरवी येते, डावीकडे वळवली की लाल. हिरवी म्हणजे सारं ठीक, चला. लाल म्हणजे थांबा. लाल दिसली की आधी गाडी थांबवायची आणि मग ती कुणी दाखवली हे विचारायचं. माझं शिक्षण एवढंच, पण पक्कं.

कोंडीराम गार्डांच्या हातात मी आले तेव्हा आमच्याकडची गाडी लहान होती, अरुंद रुळांवरून चालायची. धाराशिव शहरात ती जातच नसे. शहरातली माणसं येडशीला उतरायची आणि तिथून मोटार धरायची. रामलिंगाच्या रानातून गाडी इतकी सावकाश जाई की माणसं उतरून सीताफळं तोडत आणि पुढच्या डब्यातून खाली आलेली मागच्या डब्यात चढत. कोंडीराम शेवटच्या डब्यातून वाकून हे बघायचे आणि शिव्या घालायचे. संध्याकाळी मात्र ते माझी काच धोतराच्या मऊ तुकड्याने पुसत, वात कातरत, मूठ दोनदा फिरवून बघत. काम करताना त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नाही. बोटांनाच सगळं ठाऊक होतं. छत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एकदाही चुकीचा रंग गेला नाही. हे ते कुणाला सांगत नसत, पण त्यांच्या जिवाला अभिमान होता तो एवढ्याच गोष्टीचा.

पुढे ते निवृत्त झाले, अरुंद रूळ उखडले गेले, रुंद आले. आम्हा बत्त्यांची रवानगी भंगारात झाली. कोंडीराम स्वतः जाऊन मला भंगारवाल्याकडून सोडवून ढोकीच्या घरी घेऊन आले आणि ओट्यावरच्या खुंटीला टांगलं. त्यांची नात अक्षदा तेव्हा शाळेत जायची. सायकलवरून ती गल्लीच्या टोकाला पोचली की मागे वळून बघायची आणि कोंडीराम ओट्यावरून मला हिरवी करून हलवायचे. म्हणजे सारं ठीक आहे, तू तुझी जा. मग ती मोठी झाली, धाराशिवच्या एका कॉलेजात कारकून म्हणून लागली, रोज सकाळच्या पॅसेंजरने जाऊ लागली. माझ्या भिंगावर कोळ्याने जाळं केलं. तेही दिवस मी काढले. पण त्यानंतर जे आले ते रेल्वेप्रेमी होते.

काय सांगू तुम्हाला! अक्षदाला पॅसेंजरमध्ये दोन दोस्त भेटले. एक शिवपुत्र, बँकेतला; गाडी कुठल्या स्टेशनावर किती मिनिटं उशिरा आली ते हा वहीत लिहितो आणि गाडी वेळेवर आली की खट्टू होतो. दुसरा इंद्रजित, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा; जगातली कुठलीही वस्तू उघडता येते आणि पुन्हा बसवता येते असा याचा ठाम समज. तिघेही रोज शेवटच्या डब्यात बसतात. इंजिनाचा नंबर यांना पाठ, भोंग्याच्या आवाजावरून इंजिन कुठल्या शेडचं ते ओळखणार. पण समोरच्या बाकावर दोन वर्षं रोज शेवंतीची पाटी घेऊन बसणाऱ्या बाईचं नाव विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. ती नागम्मा. माहेर उमरग्याच्या पलीकडचं, कानडी मुलखातलं. तिला मात्र या तिघांचं सगळं माहीत होतं, कारण हे तिघं बोलायचे थांबतच नाहीत.

मला पाहिल्यावर तर त्यांना वेडच लागलं. फोटो काय, व्हिडिओ काय. मला मांडीवर घेतलं, उन्हात धरलं, एकाने तर माझा मुका घेतला. इतकं कौतुक मला कामावर असताना कुणी केलं नव्हतं, आणि इतका वैतागही मला कधी आला नव्हता. एवढ्या कौतुकात माझी काच कुणी पुसली नाही, हे लक्षात घ्या.

आता डिसेंबरातली गोष्ट. कोंडीरामांच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला होता. उजवा डोळा गेला होता, डाव्याने धूसर दिसायचं, तेही समोरचं तेवढंच. धाराशिवला महिन्यातून एकदा मोठे डॉक्टर येत. त्यांनी सांगितलं होतं की या मंगळवारी दहा वाजता या, पुढच्या महिन्यापर्यंत हा डोळा थांबेल याची खात्री मी देत नाही. अक्षदा म्हणाली, रोजच्या पॅसेंजरने नेते, आठ-साडेआठला पोचू. कोंडीराम म्हणाले, "बत्ती बी घ्या. रुंद रुळावरून ती अजून गेली न्हाय."

रॉकेल भरलेली बत्ती गाडीत नेता येत नाही. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी इंद्रजित घरी आला, मला उघडलं, वात काढली आणि त्या जागी सेलवरचा दिवा बसवला. त्यासाठी त्याने डबी बाहेर काढली. डबीच्या कडेला एक बारीक रेघ आहे, ती मागच्या खिळ्यासमोर आली पाहिजे. इंद्रजितला रेघ दिसली नाही. त्याने डबी उलटी बसवली, झाकण लावलं, पांढरा उजेड पडतोय एवढं पाहिलं आणि स्वतःवर खूष होऊन चहा प्यायला बसला. म्हणजे आता उजवीकडे लाल आणि डावीकडे हिरवी! मी रात्रभर खुंटीवर तळमळत होते. मला ओरडता आलं असतं तर त्या रात्री गल्ली जागी झाली असती.

सकाळी धुकं होतं. ढोकीहून गाडी सुटल्यापासून तिघांचं एकच टुमणं.

"आबा, एकदा खिडकीतून हिरवी दाखवा ना," इंद्रजित म्हणाला. "एवढासा व्हिडिओ घेतो. लोक लई बघतील."

"पाशिंजरानं गाडीतून बत्ती दावायची न्हाय," कोंडीराम म्हणाले. "कामावरच्या गार्डानं दावायची."

"आता गार्ड न्हाय म्हणत आबा, ट्रेन मॅनेजर म्हणतेत."

"काय बी म्हणा. म्या न्हाय."

येडशीला आमची गाडी बाजूच्या रुळावर घेतली. समोरून एक्सप्रेस यायची होती आणि तिला म्हणे जोडीची इंजिनं होती. झालं! तिघेही उठले.

"आबा, दोनच मिनिटं. इथंच हाय मी," अक्षदा म्हणाली आणि डॉक्टरांच्या कागदांची पिशवी बाकावर टाकून उतरली. कोंडीराम, मी, पिशवी आणि समोर नागम्मा, एवढे उरलो.

एक्सप्रेस आली, गेली. मग आमच्या गाडीला सिग्नल मिळाला, भोंगा झाला आणि गाडी हलली. आता शहाण्या माणसाने काय करावं? चढावं. या तिघांनी काय केलं? मोबाइल वर धरले! प्लॅटफॉर्मवर ओळीने उभं राहून तिघं धुक्यात निघालेल्या गाडीचा व्हिडिओ घेत होते, आणि ही गाडी आपलीच आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. रोज जाणाऱ्या गाड्या टिपायची सवय, हात आपोआप वर गेले. आमच्या खिडकीतून मी त्यांच्यासमोरून गेले. शिवपुत्राने तर आम्हाला टाटा केला.

मग अक्षदाची किंकाळी ऐकू आली. "आबाऽ!" आणि ती धावत सुटली.

"अय्यो, पोरगी राहिली की खाली!" नागम्मा उठली. "अज्जा, साखळी वढू का?"

"नगं," कोंडीराम म्हणाले. "एवढ्यासाठी गाडी थांबवायची न्हाय. धाराशिवला बसून राहीन म्या, ती येईल मागनं." पण त्यांचा कान बाहेर होता. पळणारी पावलं जवळ येत होती. चालत्या गाडीच्या दांडीला हात घालणारी माणसं त्यांनी पाहिली होती, त्यांतल्या एकाला फलाटाखालून उचललंही होतं. "पोरगी हात घालंल," ते पुटपुटले. "तिला कळाय पायजे म्या ठीक हाय म्हणून."

आणि छत्तीस वर्षं पाळलेला नियम त्यांनी मोडला. त्यांनी मला उचललं, सेलचा दिवा लावला, खिडकीबाहेर धरलं आणि मूठ उजवीकडे वळवली. गल्लीच्या टोकाला दाखवायचे तशी. सारं ठीक आहे, तू तुझी राहा.

माझ्या पोटातून लाल उजेड गेला.

अक्षदाने लाल पाहिली आणि आबांना काही झालं असं समजून ती दुप्पट जोराने धावली. आमच्या डब्याच्याच मागच्या खोलीतून गार्ड वाकून बघत होता, त्यानेही लाल पाहिली. त्याने काय करायचं ते केलं. ब्रेक लागले, नागम्माची शेवंती डबाभर पसरली आणि गाडी फलाटाच्या टोकाशी थांबली.

गार्ड तरुण होता, सुरज नावाचा. तो तडक डब्यात आला. "लाल कुणी दाखवली?"

कोंडीराम उभे राहिले. "बत्ती म्या दावली. पण हिरवी दावली."

"लाल होती, बाबा. मी डोळ्यांनी बघितली. म्हणून गाडी थांबवली."

कोंडीरामांनी मला डोळ्याशी नेलं, पण धूसर उजेडापलीकडे त्यांना रंग काही कळेना. मग त्यांनी मला नागम्मापुढे धरलं. "बाई, खरं सांगा. कसला रंग हाय?"

नागम्माला खोटं बोलायचं होतं, हे मला दिसलं. पण तिने मान खाली घातली. "लाल हाय, अज्जा."

ते मटकन खाली बसले. तेवढ्यात तिघं धापा टाकत चढले. अक्षदा त्यांच्या गळ्यात पडली. तिला त्यांनी कुरवाळलंही नाही.

"चल, घरी जाऊ," ते म्हणाले. "डोळा गेला तवा वाटलं, हात तरी हाय. आता हात बी गेला. डाक्टरकडं जाऊन काय करायचं? म्या न्हाय येत."

"आबा, दहा वाजताची वेळ हाय! मग महिना जाईल!"

"जाऊ दे."

ती रडायला लागली, विनवू लागली. म्हातारा ढिम्म हलेना. आणि इंद्रजित? तो माझ्याकडे बघत होता. आधी हसतमुखाने, गाडी कशी थांबली या आनंदात. मग त्याचं हसू गेलं. आदल्या संध्याकाळची डबी त्याला आठवली, हे मी शपथेवर सांगते. पण समोर गार्ड वही काढून उभा! नाव लिहिलं जाणार, चौकशी होणार. तो गप्प. बोल ना रे बाबा, बोल! मुका घेताना बरं तोंड चाललं होतं तुझं! एका माणसाचा डोळा आणि सगळ्या जन्माचा अभिमान तुझ्या तोंडावर अडकलाय, आणि तू माझ्या झाकणाकडे काय बघत बसलास?

शेवटी त्याने मला हातात घेतलं, झाकण उघडलं आणि डबीकडे पाहिलं.

"आबा, तुमचा हात बरोबर हाय. तुमी उजवीकडंच फिरवली. डबी म्या उलटी बसवली."

कोंडीरामांनी मान वर केली.

"खिळ्यासमोर रेघ असती. बघितली न्हाईस?"

"न्हाय बघितली."

"बैला!" कोंडीराम ओरडले. एवढ्या आनंदाने दिलेली शिवी मी दुसरी ऐकली नाही. त्यांनी मला ओढून घेतलं, डबी बाहेर काढली, अंगठ्याच्या नखाने रेघ शोधली, खिळ्यासमोर आणली आणि टक्कन बसवली. न बघता. मग उजवीकडे मूठ वळवून मला नागम्मापुढे धरलं.

"हिरवी हाय, अज्जा! हिरवी!"

सुरजने दोघा पोरांची नावं लिहून वही बंद केली. "बाबा, गाडीला तुम्हीच हिरवी दाखवा आता."

मला वाटलं, घेतील. पण कोंडीरामांनी मला त्याच्या हातात दिलं. "कामावर तुमी हाव. तुमी दावा. म्या बघतो."

सुरज मला घेऊन मागच्या खोलीत गेला, बाहेर वाकला आणि इंजिनाकडे हिरवी हलवली. इतक्या वर्षांनी मी कामावर होते! कोंडीरामांनी खिडकीतून डोकं काढून डावा डोळा मागे वळवला होता. धुक्यात त्यांना किती दिसलं असेल देव जाणे, पण ते मोठ्याने म्हणाले, "दिसली!" आणि गाडी सुटली.

धाराशिवला इंद्रजित आणि शिवपुत्र यांना रेल्वेच्या कचेरीत जबाबासाठी दुपारपर्यंत बसवून ठेवलं, ते फार छान झालं. अक्षदाने आबांना दहाच्या आत डॉक्टरांसमोर नेलं. जेवढी नजर होती तेवढी राहिली. वाढली नाही, पण राहिली.

म्हणून मित्रांनो, हात जोडून सांगते. जुन्या वस्तूवर प्रेम असेल तर तिचे मुके घेऊ नका. ती उघडण्याआधी, जिने किंवा ज्याने तिला आयुष्यभर चालवलं त्या माणसाला विचारा. काच पुसा. आणि गाडीचा व्हिडिओ घ्यायच्या आधी आपलं माणूस कुठल्या डब्यात बसलंय ते एकदा बघा.

हल्ली रोज संध्याकाळी इंद्रजित ओट्यावर येऊन माझी काच पुसतो. मग कोंडीराम मूठ उजवीकडे वळवतात, मला त्याच्यापुढे धरतात आणि विचारतात, "रंग?"

तो आधी झाकण उघडून रेघ बघतो, मग उत्तर देतो.