वरची दाढ

"दाढ माझी, ठणका माझा, आन् तोंड उघडतोय ह्यो!"

खुर्चीत आडव्या झालेल्या सोजरबाई कडाडल्या, तशी डॉक्टर उत्कर्षाला हसू आवरेना. वाघोलीतल्या त्या दवाखान्यात ती प्रश्न विचारत होती म्हातारीला आणि उत्तरं देत होता म्हातारीचा मुलगा, इंद्रजीत. हिंजवडीला साहेब झाल्यापासून दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ द्यायची त्याची सवयच सुटली होती.

"चांदी भरून टाका डॉक्टर," मोबाईलवरची नजर न काढता तो म्हणाला. "मागची दाढ, कोण बघतंय?"

संध्याकाळी पणतीचं बारसं. पाळणा सोजरबाईच म्हणणार, तोही गल्लीला ऐकू जाईल असा. सकाळपासून त्यांच्या पायाला भिंगरी आणि दाढेला कळ, दोन्ही एकदमच लागल्या होत्या.

"पोरी, तू मला सांग. चांदी म्हंजी खरीखुरी?"

"थोडी चांदी, पारा, कथील असं मिश्रण असतं आजी. दणकट. पण काळपट दिसतं आणि दाढ जरा जास्त कोरावी लागते. दुसरं दाताच्याच रंगाचं. त्याला कोरायचं कमी, पण भरताना थुंकीचा थेंब लागता कामा नये. आणि झिजतं जरा लवकर."

"भाकरी चावंल?"

"दोन्हीनं चावेल."

"मग पांढरं भर. वरची दाढ हाय. पाळण्यातनं पोर खालून वरच बघती. तिला पणजीच्या तोंडात पयलं काळं दिसाया नको!"

"आई, अगं पण—"

सोजरबाईंनी हात वर करून त्याला गप्प केलं आणि डॉक्टरीणबाईंपुढे आ वासला.

कापसाचे बोळे कोंबले गेले, दाढ कोरली, भरली. मग भरलेलं घट्ट करणारा निळा उजेड तोंडात शिरला, तेव्हा तर जत्रेतल्या पाळण्यात बसल्यागत त्यांचे डोळे चमकले. आरसा हातात येताच त्यांनी मान चारी दिशांना फिरवली.

"अगं बया! भरली कुठली गं? सापडंना की!"

इंद्रजीतनं मोबाईल खिशात टाकला. "तुझ्या भल्यासाठीच म्हणालो ना आई. चांदी म्हटलं तर एवढं काय झालं?"

खुर्चीतून उतरून चपलेत पाय सरकवता सरकवता सोजरबाई थांबल्या. आवाज खाली आला.

"तुझा बाप गेला, तवा पायातली जोडवी उतरवली. मला कुणी इचारलं न्हाई. आता तोंडात चांदी घालताना तरी इचारत जा."