एकाच लॉटचा कागद

गंगाधरराव टॉवेलच्या कारखान्यात रंगमास्तर होते. एकोणतीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकाच्या सॅम्पलशी तंतोतंत जुळणारा रंग काढून दिला. निवृत्तीनंतर पहिल्याच आठवड्यात घरातला एक पडदा इतरांपेक्षा किंचित पिवळा असल्याचं त्यांनी शोधून काढलं. तेव्हापासून त्यांच्या पत्नी यशोदाबाई त्यांना काही काम मिळावं म्हणून देवाला साकडं घालत होत्या. काम मंगळवारी दुपारी नातीच्या रूपानं आलं.

सृष्टीची मैत्रीण अंकिता त्याच संध्याकाळी भवानी पेठ सोडून कुर्डुवाडीला चालली होती. तिच्या वडिलांची रेल्वेच्या वर्कशॉपात बदली झाली होती. दोघींचं ठरलं होतं : दोन वह्या, दोन्हींना घरी केलेल्या रंगीत लहरींच्या कागदाचं कव्हर, आणि कव्हरं अगदी सेम.

"सेमच पाहिजेत, आबा. नाहीतर काय उपयोग?"

"इतकंच ना?" गंगाधररावांनी बाह्या सारल्या. "सॅम्पल दाव. बाकी माझ्यावर सोड की."

सुबोधचा, म्हणजे सृष्टीच्या वडिलांचा, दाढीचा फेस स्टीलच्या ट्रेमध्ये पसरला. त्यावर जिलबीसाठी आणलेल्या खायच्या रंगांचे थेंब, मग यशोदाबाईंच्या कंगव्यानं रेघा. कागद हलके दाबून उचलायचा आणि वरचा फेस पट्टीनं निपटून काढायचा. पहिला कागद इतका देखणा उतरला की सृष्टी टाळ्या पिटायला लागली.

"हे सॅम्पल," गंगाधरराव म्हणाले. "आता ह्याचा जोड काढू."

निळे सात थेंब, लाल चार, कंगवा डावीकडून पाच वेळा. दुसरा कागद उतरला. तो घेऊन ते खिडकीशी गेले, कारण शेड उन्हात बघायची असते. समोर अंकिताच्या दारात टेम्पो उभा होता आणि त्यात कपाट चढत होतं.

"न्हाय. कोपऱ्यात लाल जास्त झालाय."

तिसऱ्यात निळी लहर उजवीकडे पळाली. चौथ्याच्या वेळी फ्रिज चढला. पाचव्याला ट्यूबलाइट लावून पाहिलं, मग विझवून पाहिलं. गंगाधरराव ट्रेपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून ट्रेपर्यंत चालत राहिले. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं त्यांनी आजवर कधी इतकं मनापासून केलं नव्हतं.

"अहो, चांगलं दिसतंय की," यशोदाबाई म्हणाल्या.

"चांगलं दिसणं वेगळं. गिऱ्हाईक माल परत पाठवतं."

"गिऱ्हाईक रडतंय बघा."

सृष्टी खरंच रडत होती, पण आवाज न करता. फेसाचा डबा हलवून पाहिला तर तळाशी थोडं खुळखुळलं. एका ट्रेपुरता असेल नसेल. खाली गॅसची टाकी चढत होती, आणि ती नेहमी शेवटी चढते.

गंगाधरराव पहिल्यांदाच खुर्चीत बसले. कारखान्यात दोन खेपांच्या रंगात फरक यायचाच. त्यावर एकच उपाय होता : गिऱ्हाइकाचा सगळा माल एकाच लॉटमधून काढायचा. हे ते नव्या पोरांना रोज ओरडून सांगायचे, आणि आज सबंध दुपार स्वतः विसरले होते.

"सृष्टे, वही सबंध झाकायला कशाला पाहिजे? पुढचा पुठ्ठा बास हाय की."

उरलेला फेस पातळ पसरला. या वेळी थेंब कोणी मोजले नाहीत. कागद उचलला, निपटला, पंख्याखाली धरला, आणि गंगाधररावांनी मधोमध कापला.

टेम्पो सुरू झाला तेव्हा सृष्टी जिना उतरत होती. मागोमाग गंगाधरराव, अनवाणी.

अंकितानं टेम्पोच्या खिडकीतून हात काढून दोन्ही तुकडे घेतले. "सेम कुठं आहेत? तुझ्या तुकड्यात निळा जास्त आहे."

"एकाच लॉटचे आहेत," सृष्टी ठसक्यात म्हणाली. "जोडून बघ."

कडेला कड लागली. एकीची लहर दुसरीत सरळ शिरली. अंकितानं त्या लहरीवरून बोट फिरवलं.

"मग मला निळा जास्तवाला दे."

"घे की."

टेम्पो वळला. गंगाधररावांनी सृष्टीच्या हातातला तुकडा घेऊन उन्हात धरला.

"आबा, आता काय?"

"काय न्हाय," ते म्हणाले आणि तुकडा परत दिला. मग सुबोधची स्कूटर गल्लीत शिरताना दिसली, तसे ते लगबगीनं फेसाचा रिकामा डबा लपवायला वर गेले.