शंभराचा एक

क्लॅरी ट्रेगेन्झा, माझ्या बहिणीचा नवरा, सोमवारी दुपारी माझ्या बारमध्ये शिरला आणि त्याने सरळ पितळी घंटा वाजवली. कालगुर्लीत, म्हणजे आमच्या या ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणींच्या गावात, घंटा वाजवणाऱ्याने अख्ख्या बारला पाजायचं असतं. याच्याकडे तर स्वतःच्या बिअरचीही मारामार!

"टिनहॅट दोन डॉलर!" तो ओरडला. "शुक्रवारी दोन सेंट होता. आता बोल, आयव्ही!"

बोलू काय, कपाळ! जन्मभर खाणीत राबून मिळालेला सगळा फंड या बाबाने टिनहॅट या सोनं शोधणाऱ्या कंपनीच्या शेअरमध्ये घातला होता, वीस सेंटच्या भावाने. दरवर्षी कंपनी म्हणायची, पुढच्या बोअरला सोनं लागेल. सोनं लागलं नाही. भाव तेवढा गाळात गेला. मध्येच नोरीनला अर्धांगवायू झाला. घरात रॅम्प, नर्स, कशालाच पैसा नाही, म्हणून माझी बहीण पर्थच्या वृद्धाश्रमात पडलीय. भाव आला की तिला घरी आणतो, हे त्याचं पालुपद.

बारमधले सगळे आपापल्या ग्लासात बघू लागले. निम्म्या लोकांकडे तेच शेअर होते, पण सांगायला कोणी पुढे होईना.

"अरे शहाण्या," शेवटी मीच म्हणाले, "त्यांनी शंभर शेअरचा एक केलाय. भाव शंभरपट, पण तुझे शेअर शंभरातला एक. पैसे होते तेवढेच."

"कोणी केला? मला न विचारता?"

"विचारलं की! कंपनीच्या मागच्या सभेला, इथे, वरच्या हॉलमध्ये. मी चहा देत होते. तुझ्या एका हातात सॉसेज रोल, दुसरा वर."

ते खरंच होतं. सभेला सगळे म्हातारे खायला येतात आणि अध्यक्ष बोलला की हात वर करतात.

तो मटकन स्टुलावर बसला. मला त्याची चीड आली, तरी मी त्याच्यापुढे एक बिअर ठेवली.

"आयव्ही, मी नोरीनला फोन करून आलोय. म्हटलं, सामान बांध."

तेवढ्यात फोन वाजला. क्लॅरी हलला नाही. मी उचलला.

"ताई," नोरीनची जीभ अजून जड आहे, "इथल्या पोरीने बॅग भरली गं. तो निळा कोट घेऊ का? तिकडे थंडी आहे?"

मी क्लॅरीकडे बघितलं. त्याने मान वर केली नाही, आणि तिला खरं सांगणं मलाही जमेना.

"उकाडा आहे गं," मी म्हणाले. "कोट राहू दे."