शेवटचा माहीत असलेला पत्ता

घटस्फोट मंजूर झाला तर प्रितीच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: विनीतशी लग्न, वडाळ्याला खिडकीचं स्वयंपाकघर आणि ‘मिस्टर कुठे असतात?’ या प्रश्नापासून सुटका. सासूच्या, कौसल्याबाईंच्या पदरात पडणार होती रिकामी खोली. म्हणूनच कोर्टाचा बेलिफ नायगावच्या चाळीत त्यांच्या दारात उभा राहिला, तेव्हा प्रितीची नजर नोटिशीवर नव्हती. म्हातारीच्या तोंडावर होती.

“धम्मपाल इथंच राहायचे?”

“इथूनच गेला.”

हरवलेल्या नवऱ्याची नोटीस त्याच्या शेवटच्या पत्त्यावर डकवायची असते. तो पत्ता म्हणजे बायकोचंच दार. बेलिफनं गोंदाची बाटली उलटी केली. थेंब पडेना.

“कोर्टाला गोंद परवडत नाही होय?” कौसल्याबाई म्हणाल्या. “थांबा, खळ करते.”

विहारात जायला नेसलेल्या पांढऱ्या साडीचा पदर त्यांनी खोचला. कणीक कालवून गॅसवर ढवळली, एक गुठळी होऊ दिली नाही. नोटीस लागल्यावर चारही कोपरे स्वतः तळव्यानं दाबले.

“आजी, विचारावं लागतं. सात वर्षांत मुलाचा फोन, पत्र?”

प्रितीनं दाराची कडी धरली.

“नाही.”

“कुणाकडून काही कानावर?”

“नाही म्हटलं ना. चहा घेणार?”

बेलिफनं चहा घेतला, म्हातारीची सही घेतली आणि गेला.

पौर्णिमा होती. बाराला फोन वाजला. दर पौर्णिमेला नाशिकच्या बहिणीचा फोन यायचा. तो घेऊन कौसल्याबाई गॅलरीच्या टोकाला जायच्या आणि डोळे पुसत परतायच्या. “बहिणी-बहिणी भांडता की काय?” प्रिती चिडवायची. आज त्या जागच्या हलल्या नाहीत.

“आई, नाशिकच्या मावशी असतील.”

“वाजू दे.”

फोन थांबला, पुन्हा वाजला. प्रिती उचलायला गेली तसा म्हातारीनं त्यावर हात पालथा ठेवला.

“कोर्टाला सही दिलीय, पोरी. आता त्याचं मला काही माहीत नाही म्हणजे नाही.”

प्रिती त्यांच्या शेजारी बसली. तिनं तो हात ओढून मांडीवर घेतला आणि बोटांवर वाळलेली खळ सोलत राहिली.

वर्षभरात प्रिती सुटली. धम्मपाल तर आधीच सुटला होता. किंमत तेवढी नायगावात चुकती होत राहिली, दर पौर्णिमेला बाराच्या सुमाराला, बंद करून ठेवलेल्या फोनसमोर.