भिंतीतला हुंकार

भांडण कशावरून झालं म्हणाल, तर भिंतीतल्या एका भोकावरून. सून म्हणत होती ते आजच्या आज बुजवा, तिचा नवरा म्हणत होता अगं त्यानेच तर घर गार राहतं, आणि सासू कांद्याच्या ढिगापुढे बसून खराब कांदे बाजूला काढत होती, जणू भांडण दुसऱ्याच कुणाच्या घरात चाललंय. मी शेजारी राहते. आमची आणि त्यांची एक भिंत सामाईक. त्यामुळे त्या घरात काय चाललंय हे मला कुणाला विचारावं लागत नाही, ऐकू येतं. ऐकू येऊ नये अशी इच्छाही मला कधी फारशी झाली नाही.

ते घर गवंड्याने स्वतःच्या हाताने बांधलं होतं. गवंडी म्हणजे त्या सासूचा नवरा. मला तो बहीण मानायचा, म्हणून त्याची बायको माझी वहिनी. गावातली निम्मी घरं त्याने उभी केली, विटांची, सिमेंटची, ज्याला जसं हवं तसं. स्वतःचं मात्र मातीचं. भिंती अशा जाड की खिडकीत माणूस मांडी घालून बसेल. मागच्या बाजूला, जिथे ऊन पोचत नाही तिथे, जमिनीलगत एक जाळी ठेवलेली, आणि समोरच्या भिंतीत अगदी वर, आढ्याखाली, ते भोक. खालून गार हवा आत यायची आणि तापलेली हवा वरून निघून जायची. पाऊस शिरू नये म्हणून भोकात त्याने बूड फोडलेलं एक मडकं आडवं बसवलं होतं, तोंड बाहेर आणि जरासं खाली झुकलेलं. "घराला नाक नको का?" एवढंच तो त्याबद्दल बोलला होता, आणि त्याच्या मानाने ते भाषणच झालं.

कारण गवंडी बोलायचाच नाही. काहीही विचारा, हूं. जेवणार का, हूं. पाऊस येईल का, हूं. गाव त्याला मुका म्हणायचं, तेही तोंडावर, आणि त्यावरही तो हूंच म्हणायचा. उन्हाळ्यात आम्ही बाया दुपारची आपापली निवडायची कामं घेऊन त्याच्या मधल्या खोलीत जमायचो. बाहेर रान भाजून निघायचं, ढेकळं तापून फुटायची, कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडायची नाहीत, आणि त्या खोलीत आल्यावर पायांना जमीन गार लागायची. पंख्याची कुणाला आठवण व्हायची नाही. तो त्या भोकाखाली चटईवर डोळे मिटून पडलेला असायचा. वहिनी मधूनच काहीतरी विचारायची आणि हूं ऐकू यायचं. आम्ही आमच्या गप्पा मारत राहायचो.

थंडी सरता सरता तो गेला. छातीत कफ भरला, अंथरुणाला खिळला आणि एके दिवशी उठलाच नाही. भेटायला येणाऱ्यांची ये-जा संपत आली होती तेव्हाची गोष्ट. दुपार होती, नुकताच वारा सुटायला लागला होता, खोलीत आम्ही चार-पाचजणी होतो. वहिनीने उठताना सवयीने विचारलं, "चहा ठेवू का?"

आणि वरून, भिंतीतून, आवाज आला. हूं.

सुनेच्या हातातलं ताट खाली पडलं. खोटं कशाला सांगू, मीही दाराकडे सरकले. मग माझ्या लक्षात आलं की हा आवाज काही नवा नव्हता. दुपारचा वारा मडक्याच्या तोंडावरून गेला की मडकं घुमायचं, आणि आम्हाला वाटायचं गवंडी बोलला. त्याच्या हयातीतली निम्मी उत्तरं त्या मडक्यानेच दिली असतील. हे मी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्या घरात यायचं बंद केलं. मीसुद्धा घरीच काहीतरी काम काढून बसले.

आम्ही सुटलो, सून कुठे जाणार? तिचे दिवस भरत आले होते. दुपार झाली की ती अंगणात, झाडाच्या तोकड्या सावलीत जाऊन बसायची, घामाने भिजायची, पण आत यायची नाही. एकदा मी तिला माझ्याकडे ओढून आणलं आणि खडसावलं, की मडक्याला काय घाबरतेस. तेव्हा ती रडत म्हणाली, "आत्या, तुम्हाला माहीत नाही. मीच त्यांना म्हटलं होतं, हे मातीचं घर पाडू या, चांगलं सिमेंटचं बांधू या, माझ्या बाळाला या मातीत वाढवायचं नाही मला. ते माझ्याकडे बघत राहिले अन् हूं म्हणाले. मग आजारी पडले. त्यानंतर एक शब्द बोलले नाहीत माझ्याशी. आता रोज तेवढंच म्हणतात."

मी उठून तिला गार पाण्याचा तांब्या भरून दिला.

शेवटी त्या भांडणात सूनच जिंकली. मुलगा ट्रॅक्टर चालवतो, मुळात घायकुता, बापाचं काम हातात कधी उतरलंच नाही. त्याने शिडी लावली, आतून विटांचे तुकडे मडक्यात कोंबले, वरून सिमेंट थापलं. मातीच्या भिंतीवर तो करडा चट्टा लांबून दिसायचा. त्याने आईला विचारलं होतं, बुजवू ना? ती कांद्यातून मान वर न करता म्हणाली, "घर तुमचं आहे." मला तेव्हा वाटलं, चला, हिलाही भीती वाटत असणार, बरंच झालं.

बाळ आलं आणि उन्हाळा चढला. मग काय झालं ते सगळ्या गावाने पाहिलं. ज्या घरात लोक मुद्दाम गारव्याला यायचे ते घर भट्टी झालं. तापलेली हवा आढ्याखाली कोंडून राहायची, आणि दिवसभर तापलेल्या भिंती रात्रभर ती ऊब खोलीतच सोडायच्या. सामाईक भिंतीला हात लावला तर मलाही चटका बसायचा. मुलाने मोठा पंखा आणला, तो तीच गरम हवा ढवळत बसला. मग कूलर आणला, तर ऐन दुपारी वीज जायची. लोक कुजबुजायला लागले, की बघा, गवंड्याला भिंतीत गाडलं, आता तो आतून घर तापवतोय. सून ते ऐकायची आणि आणखी खचायची. बाळाच्या मानेवर, पाठीवर पुरळ उठलं. दूध ओढेना. दवाखान्यातल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, याला गार जागेत ठेवा, नाहीतर जिवावर बेतेल. सुनेने माहेरी जायची तयारी केली. माहेर म्हणजे एक पत्र्याची खोली. तिथे काय गार असणार होतं? पण तिथे भिंतीत कुणी नव्हतं.

ती निघायची होती त्याच दिवसाची दुपार. वीज गेलेली, मुलगा ट्रॅक्टर घेऊन दूरच्या रानात. बाळाचं रडणं सकाळपासून मला ऐकू येत होतं आणि ऐकू येत होतं तोवर मी निर्धास्त होते. ते एकाएकी थांबलं तेव्हा मी हातातलं टाकून धावले. वहिनी बाळाला मांडीवर घेऊन ओल्या फडक्याने पुसत होती. बाळ मलूल पडलं होतं, डोळे अर्धवट उघडे. खोलीत श्वास घेववत नव्हता. सून भरलेल्या पिशवीशेजारी उभी राहून वरच्या त्या करड्या चट्ट्याकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "मामंजी माझ्यावर रागावून गेले ना?"

वहिनीने फडकं पिळलं. "त्यांना राग आला तर ते हूं म्हणत नसत. उठून जात."

"मग ते हूं कसलं होतं?"

"मला काय माहीत? इतकी वर्षं संसार केला, मला कधी कळलं नाही. मी आपल्या सोयीने अर्थ लावायचे. तूही लाव."

सून बाहेर गेली. मला वाटलं, गेली हातपाय गाळून, आता हिलाही सांभाळा. ती परत आली तेव्हा तिच्या हातात पहार होती. शिडी तिने स्वतःच ओढत आणली, मी फक्त खाली धरून उभी राहिले. ओली बाळंतीण वर चढतेय आणि मी तिला नको म्हणाले नाही, हेही सांगून टाकते. पहिल्या घावाला तिने डोळे मिटले होते. दुसऱ्याला उघडले. सिमेंट मातीला धरून राहत नाही, कपचा सुटायला लागला. ती मारत राहिली आणि मारताना पुटपुटत होती, बोला काय बोलायचं ते, मी ऐकते, बोला, पण याला सोडा. मग विटा, सिमेंट, माती सगळं एकदम खाली आलं आणि खोलीत उजेडाची एक तिरीप पडली.

धूळ बसायला वेळ लागला. पण त्याआधीच माझ्या पायांना कळलं. मागच्या जाळीतून गार झुळूक जमिनीवरून सरकत आली. वहिनीने बाळाला उचलून जाळीजवळ नेलं, चटईवर उघडं निजवलं आणि बोट ओलं करून त्याच्या ओठांना लावत राहिली. किती वेळ गेला सांगता येणार नाही. बाळाने आधी पाय हलवला, मग तोंड वाकडं केलं, मग असं काही भोकाड पसरलं की मी तिथेच बसकण मारली. सुनेने त्याला पदराखाली घेतलं. ते प्यायलं.

त्यानंतर वारा सुटला. वहिनीने आणि मी वर बघितलं. सून बाळाला छातीशी आवळून, मान खाली घालून बसली होती, आता बोलणी खायची आहेत अशी. वारा भोकातून घुसला, तिच्या कपाळावरचे केस उडाले, दोरीवरचं लुगडं हललं.

आवाज आला नाही.

तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. सिमेंट मडक्याला घट्ट चिकटलं होतं, ते निघताना मडकंही त्याच्याबरोबर फुटून आलं होतं. वहिनी ढिगाऱ्यातून खापऱ्या वेचून पदरात घेत होती. मडक्याच्या गळ्याचे दोन तुकडे तिला सापडले, ते तिने जोडून बघितले. मधला तुकडा मिळेना.

"बरं झालं," ती म्हणाली. "बाळाची झोपमोड झाली असती."

आणि मग मला कळलं की तिला भीती कधी वाटलीच नव्हती. इतके दिवस आम्ही सगळे ज्या आवाजापासून पळत होतो, तो ऐकायला ती दुपारची त्या खोलीत एकटी बसत होती. सुनेसाठी तिने तो बुजवू दिला होता आणि तोंडातून ब्र काढला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

मुलगा घरी आला, सगळं ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी नवं मडकं घेऊन आला. बूड फोडून बसवलं. वारा आला तेव्हा ते बारीक, शिट्टी घातल्यासारखं वाजलं. वहिनीने ते दोन दिवस ऐकलं आणि म्हणाली, "काढ ते. हे कुणीतरी दुसरंच आहे." मग भोकाला नुसती जाळी लावली.

घर पुन्हा गार झालं. बाळाचं पुरळ गेलं, पिशवी रिकामी झाली, कूलर कोपऱ्यात कोंबड्यांचं खुराडं झाला. आम्ही बाया परत जमायला लागलो, जणू मधे काही घडलंच नव्हतं. लाज आम्हाला आधीही फारशी नव्हती. पण दुपार कलली आणि आम्ही उठून आपापल्या घरी गेलो की भिंतीपलीकडून मला वहिनीचा आवाज यायचा. रिकाम्या चटईला ती विचारायची, "जेवलात?" मग काहीच नाही. मला त्या न बोलण्याची भीती वाटायची. हूंची कधी इतकी वाटली नव्हती.

असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी तिने विचारलं आणि लगेच उत्तर आलं. हूं. खोल, अगदी तसंच.

मी पायात काही न घालता तापल्या अंगणातून धावले आणि त्यांच्या दारात थबकले. वहिनी दाराकडे पाठ करून बसली होती. स्वयंपाकघरात, आडोशाला, सून रिकाम्या घागरीत तोंड घालून उभी होती. तिने मला पाहिलं आणि बोट ओठांवर ठेवलं. या घरात मडक्याला घाबरणारी हीच ती. मी आल्या पावली परत फिरले.

पुढे एकदा कपडे धुताना वहिनी आपणहून बोलली. "वन्सं, सूनबाई आहे ती. मला कळतं."

"मग तिला सांगत का नाही?"

"कशाला सांगू? ती मनापासून करते." तिने लुगडं पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं. "फक्त ती लगेच बोलते. ते कधी लगेच बोलले नाहीत. आधी गप्प राहायचे. इतके गप्प, की मला वाटायचं, आज नाहीच बोलणार. मग बोलायचे."

हे मी सुनेला सांगायला नको होतं. सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीने विचारलं, "जेवलात?" उत्तर नाही. भोकातून वारा आत आला, मांडणीवरची भांडी किणकिणली, बाळाने झोपेत चुळबुळ केली. तरी नाही. मी भिंतीला कान लावून उभी होते. भिंत गार होती. मलाच वाटायला लागलं, आज नाहीच बोलणार.

मग आलं. हूं.