विचारून सांगतो

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. बाळंतिणींच्या वॉर्डाच्या दाराचा राखणदार. जिन्याखालच्या कपाटात माझे बिऱ्हाड. दाराशी कुणी कार्ड टेकवले, की त्याला आत सोडायचे की नाही, हे मी ठरवतो.

मला नियमांची भाषा शिकवली ती एका हसतमुख इंजिनिअरांनी. 'हो' आणि 'नाही' तर कुठल्याही यंत्राला येते. त्यांनी मला तिसरे उत्तरही दिले: 'विचारून सांगतो'. दोन नियमांत भांडण जुंपले, की मी सिस्टरांच्या टेबलावरची घंटी वाजवायची. त्या घंटीवर किती आजोबा, किती मावश्या आत गेल्या!

मग नवा संगणक आला. चपळ, देखणा. आमचे इंजिनिअर आता नव्हते. आमची तुलना करायला त्यांची मुलगी आली. तिने दोघांना तेच प्रश्न विचारले. दर वेळी नवा माझ्याआधी बोले. माझी पाचावर धारण बसली. हरलो, तर भंगारात!

तेवढ्यात धापा टाकत एक बाप आला. नुकतीच मुलगी झाली होती त्याला. एक नियम सांगे, बाळाच्या बापाला केव्हाही सोडा. दुसरा सांगे, फरशी ओली असताना कुणालाच सोडू नका. नवा तत्काळ म्हणाला, 'नाही'. त्याच्या भाषेत भांडणात 'नाही'च जिंकते. मी घंटी वाजवली. दार अजून माझ्याच हाती होते ना!

सिस्टर धावत आल्या. "या, पण भिंतीच्या कडेने! घसरलात तर आधी तुम्हालाच खाट द्यावी लागेल."

इंजिनिअरांची मुलगी खुदकन हसली. "सिस्टर, हा तर आमच्या घरचा नियम! आई नाही म्हणाली नि बाबा हो म्हणाले, की निकाल आजीकडे."

"म्हणजे मी आजी का गं?" सिस्टर लटक्या रागाने म्हणाल्या.

हसता हसता ती थांबली. मग तिने रुमालाने माझ्या पाठीवरची धूळ हळूच पुसली.

आता दार नव्याकडे आहे आणि मी त्याच्या शेजारी, अडीअडचणीला. तिने त्यालाही तिसरे उत्तर शिकवले. परवा त्याने पहिली घंटी वाजवली, तेव्हा मीच बाप झाल्यासारखा फुशारलो.

मित्रांनो, उद्या तुम्हीही नियम लिहाल. खुशाल कडक लिहा. पण एक घंटी ठेवा, आणि ती वाजली की उठून दाराशी जा. बाहेर कुणीतरी आपले बाळ पाहायला आलेले असते.