शेवटपर्यंत बसायचं

विद्यापीठाच्या सिनेटच्या बैठकीत विद्यार्थी प्रतिनिधींनी शेवटपर्यंत बसलंच पाहिजे, हा नियम इलिंकानेच आणला होता. प्रतिनिधी म्हणून निवडून आलं की वसतिगृहात स्वतंत्र खोली फुकट, कँटीनचं जेवण फुकट. आणि निवडून आलेली मंडळी काय करायची? सही ठोकायची आणि डॅन्यूबकाठी बिअर प्यायला पसार व्हायची. कोस्तिन तर त्यातला महामेरू! इलिंकाला या आयतोबांची चीड होती, आणि ती रास्तच होती. गेल्या वसंतात भांडून तिने ठराव करून घेतला: बैठक संपण्याआधी जो उठेल तो गैरहजर, आणि गैरहजर राहिला की खोली गेली. रेक्टर मोकानूंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हाच तिला संशय यायला हवा होता.

नोव्हेंबरच्या बैठकीत रेक्टरांनी नदीकाठचं जुनं वसतिगृह एका हॉटेलवाल्याला देण्याचा विषय काढला. तिथे चारशे मुलं राहत होती. इलिंकाची मैत्रीण सोराना त्यातलीच. ती आणि आणखी बऱ्याच जणी बाहेर पायऱ्यांवर थंडीत कुडकुडत उभ्या होत्या. मतदानात हार ठरलेलीच, कारण प्राध्यापक जास्त. पण आज बरेच प्राध्यापक आलेच नव्हते. इलिंकासकट आठही विद्यार्थी प्रतिनिधी उठून गेले असते तर कोरम मोडला असता, बैठक बारगळली असती. आणि हॉटेलवाल्याच्या प्रस्तावाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. विद्यार्थ्यांच्या हातात एवढं एकच हत्यार होतं.

"चला, उठा," इलिंका कुजबुजली.

कोणी हललं नाही.

"कोस्तिन, ऊठ ना रे!"

"आणि झोपू कुठे? तुझ्या डोक्यावर?" कोस्तिन खुर्चीत आणखी रेलला. "आम्ही उठून जायचो तेव्हा तुझा जीव जळायचा. आता बसलोय तरी जळतोय."

"अरे, तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"तसं लिहिलंयस का नियमात, बाईसाहेब?"

बाकीचे खाली मान घालून हसले. इलिंकाने दप्तर उचललं आणि ताडताड चालत दारापर्यंत गेली. दाराशी सिनेटच्या सचिव लेउश्तानबाई बसल्या होत्या.

"चाललीस का गं? मग गैरहजेरी लावते हं, बाळ. माझाही नाइलाज आहे."

इलिंकाने मागे वळून पाहिलं. सातही जण ढिम्म बसले होते. ती एकटी गेल्याने कोरम मोडणार नव्हता, फक्त तिची खोली जाणार होती. शेवटचं वर्ष, प्रबंध अर्धवट, घरून खर्चाला एक लेऊ यायची आशा नाही. एवढं सगळं मनात येऊन गेलं आणि तिला स्वतःची शिसारी आली.

"नाही, खिडकी लावायला उठले होते," ती म्हणाली.

खिडक्या सगळ्या बंदच होत्या. लेउश्तानबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. ती जागेवर जाऊन बसली. विरोधात हात वर केला. ठराव मंजूर झाला. रेक्टरांनी विद्यार्थ्यांच्या शिस्तीचं तोंड भरून कौतुक केलं.

बाहेर सोराना धावतच पुढे आली. "तू विरोधात मत दिलंस ना?"

"दिलं."

"मग झालं तर. तू एकटी आणखी काय करणार होतीस?" तिने इलिंकाचे हात हातात घेतले. तिचे स्वतःचे बर्फासारखे गार पडले होते. "माझं सामान तुझ्याकडे आणू का गं? निदान तुझी खोली तरी शाबूत आहे."

इलिंका 'आण' म्हणाली. दुसरं काय म्हणणार?